एकतिसावा प्रश्न

कालव्यापलीकडच्या वस्तीत तिला सगळे प्रश्नवाली म्हणत. तिचं खरं नाव विचारायची गरज कुणाला पडली नव्हती, कारण विचारायचं काम तिचं होतं. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की नळावरची एखादी बाई दुसरीला म्हणे, "आली बघ प्रश्नवाली. चल, उत्तरं घासूनपुसून ठेव." दोघी हसत. त्या हसण्यात टोचणारं काही नसे. पण ती जवळ आली की ते थांबे आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू होई, एवढं मात्र खरं.

वय चौपन्न. चालायला भरभर, बोलायला सावकाश. खांद्याच्या पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा आणि तीन पेनं. तीन अशासाठी, की बाई बोलत असताना पेन झटकावं लागलं की ती भानावर येते आणि बोलायची थांबते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. असल्या बऱ्याच गोष्टी तिला ठाऊक होत्या आणि त्या कुठल्याच पुस्तकात नव्हत्या.

तिचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. पाळी, गर्भ, बाळंतपण, पडलेले आणि पाडलेले जीव, नवऱ्याशी संबंध, कुणाला न सांगितलेली दुखणी, यांबद्दल बायकांना विचारायचं, ते लिहून आणायचं आणि शेकडो जणींची उत्तरं एकत्र मांडून दवाखाने चालवणाऱ्यांना दाखवायचं, की तुम्ही समजता तसं नाही, असं आहे. पण हे एक वाक्य तीस वर्षांत तिच्या घरच्यांच्या जिभेवर कधी आलं नाही. भावाने त्यावर तोड काढली होती. "ताई आकडेवारीत आहे," असं तो सांगे. भाचीचं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या व्याह्यांनी कौतुकाने विचारलं, "आकडेवारी म्हणजे शेअर बाजाराची का हो?" भाऊ पाणी प्यायला लागला. प्रश्नवालीच म्हणाली, "साधारण तसंच. चढउतार असतात." व्याही खूश झाले आणि कुठले शेअर घ्यावेत ते विचारत बसले.

पंचविशीत तिचं लग्न झालं होतं, ते तीन वर्षं टिकलं. माणूस वाईट नव्हता. शेवटी शेवटी एकदा तो म्हणाला, "तुझ्याशी बोलताना मला सारखं वाटतं, मी फॉर्म भरून देतोय." ती हसली होती, पण त्यानंतर त्याला काही विचारायचं म्हटलं की तिची जीभ अडखळे. दोघं न भांडता वेगळे झाले. पुढे आईवडील गेले, भाऊ दुसऱ्या गावी गेला, आणि दोन खोल्यांत ती एकटी राहिली. शेजारीण तिला शाळेतली बाई समजे. परीक्षांच्या दिवसांत विचारी, "पेपर फार असतील ना तपासायला?" ती म्हणे, "हो, यंदा जरा जास्तच." इतक्या जणींचं इतकं काही तिच्यापाशी होतं आणि त्यातलं एक अक्षर कुणाशी बोलायची सोय नव्हती. संध्याकाळी ती रेडिओ लावी. बातम्या संपल्या की बंद करी.

तिची संस्था एका चावीवाल्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. खाली दिवसभर कानस घासल्याचा आवाज येई. वर तीन टेबलं, लोखंडी कपाटं, कागद कापायचं एक यंत्र, एक संचालक, ज्यांना सगळे सर म्हणत, आणि संगणकावर नोंदी करणारे मीटरकाका. काकांनी उभा जन्म विजेच्या खात्यात मीटर वाचण्यात घालवला होता. निवृत्तीनंतर हे काम मिळालं तेव्हा पहिले आठ दिवस त्यांचे कान लाल होते. मग त्यांनी शब्द वाचायचेच सोडले. "मी आकडे बघतो," ते म्हणत. "मीटरही आतून कसं चालतं ते मी कधी पाहिलं नाही."

कालव्यापलीकडच्या वस्तीचं सर्वेक्षण वर्षभर चाललं. तीनशे चाळीस घरं, सहाशे बारा बायका, चौसष्ट प्रश्न. फॉर्म तिने बांधला होता, आणि माहिती गोळा करायला घेतलेल्या दोन मुलींना शिकवलंही तिनेच. घरात गेल्यावर आधी प्यायला पाणी मागायचं, असं ती सांगे. बाई पाणी आणायला उठली की आपणही उठायचं आणि तिच्या मागे स्वयंपाकघरात जायचं. बाहेरच्या खोलीत सासरा असतो, टीव्ही असतो, दार उघडं असतं. ओट्यापाशी बाई एकटी असते. तिथे विचारायचं. आणि ऐकताना भुवया हलवायच्या नाहीत, अरेरे म्हणायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. ती बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं, आभार मानायचे, उठायचं. एखाद्या प्रश्नाला धोक्याचं उत्तर आलं तर त्या प्रश्नाशेजारी एक चौकट असे. चौकटीत खूण करायची आणि बाईला दवाखान्याची चिठ्ठी फाडून द्यायची. सगळं नीट बसवलेलं होतं.

फॉर्मवर बाईचं नाव नसे, नुसता क्रमांक. कोणता क्रमांक कुणाचा, ही यादी वेगळ्या कपाटात कुलपात असे आणि काम संपलं की ती नष्ट करायची, असा शब्द प्रत्येक बाईला दिलेला होता. अहवाल पाठवला त्या सोमवारी प्रश्नवालीने ती यादी स्वतःच्या हाताने यंत्रात घातली. बावीस पानं. प्रत्येक पानाच्या शेवया झाल्या. तिने त्या गोणीत भरल्या आणि वर पाणी ओतलं. यात ती कधीच हयगय करत नसे.

गुरुवारी मीटरकाका तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात एक फॉर्म होता.

"मॅडम, शेवटच्या प्रश्नाच्या नोंदी राहिल्या होत्या, त्या करतोय."

चौसष्टावा प्रश्न होता, आणखी काही सांगायचं आहे का. बहुतेक जणी 'नाही' म्हणत. त्यात आकडे नसत, म्हणून त्याच्या नोंदी नेहमी मागे पडत.

"मला यातलं कळत नाही," काका म्हणाले. "पण हे वाचलं आणि पुढे टायपायला बोटं चालेनात. तुम्ही बघा."

क्रमांक चारशे बारा. वय एकावन्न. मुलीने वळणदार अक्षरात लिहून घेतलं होतं: 'दोन वर्षं झाली बंद होऊन. सुटले म्हटलं. आता तीन महिने परत लाल दिसतंय. दुखत नाही काही. घरी कुणाला बोलले नाही. तुम्ही इतकं सगळं विचारलंत, मला वाटलं हे पण विचाराल, म्हणून वाट बघत बसले होते.'

प्रश्नवालीने फॉर्म उलटून पहिल्या पानापासून पाहिला. तिसऱ्या पानावर तिला सापडलं. तिसावा प्रश्न: पाळी अजून येते का? 'नाही' या उत्तरापासून एक बाण निघाला होता आणि वळसा घेऊन थेट सदतिसाव्याशी उतरला होता. एकतिसावा होता, पाळीव्यतिरिक्त अंगावरून लाल जातं का. चिठ्ठीची चौकट त्याच्याच शेजारी होती. ज्या बायकांना तो सगळ्यात आधी विचारायला हवा, त्यांनाच तो बाण उचलून पलीकडे नेत होता.

असं का झालं हे तिला लगेच आठवलं. पहिल्या मसुद्यात तो प्रश्न अठ्ठाविसावा होता, बाणाच्या वर. पण इतक्या लवकर असं विचारलं तर बाई संकोचते, पुढची उत्तरं आखडती देते, म्हणून तिने तो जरा खाली सरकवला होता. बाईचं मन राखायला. चाचणी म्हणून दहा जणींना विचारून पाहिलं होतं, त्या दहाही चाळिशीच्या आतल्या. बाणाची वाट कुणी चाललंच नव्हतं. पाळी गेलेली बाई परत लाल बघते तेव्हा ते आतल्या गाठीचं असू शकतं, कर्करोगाचंही, आणि लवकर कळलं तर बाई वाचते. हे तिला तीस वर्षं पाठ होतं. फॉर्म भरला त्याला चार महिने झाले होते. म्हणजे आता सात.

"कोण आहे ही?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या यंत्राकडे बघितलं.

तो फॉर्म भरणारी मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिला फोन लावला. तिने बराच वेळ आठवून पाहिलं. "मॅडम, दिवसाला सहा-सहा बायका केल्या मी. कुणी काय सांगितलं ते आठवतं, पण कोण कुठलं बोललं ते सगळं एकमेकांत मिसळलंय." मग म्हणाली, "माझं चुकलं का? तुम्ही सल्ला द्यायचा नाही म्हणाला होता."

"तुझं नाही चुकलं," प्रश्नवाली म्हणाली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते टेबलावरचा काचेचा गोळा फिरवत राहिले.

"अहवाल तर गेलाय."

"अहवालाचं नाही म्हणत मी, सर. चारशे बाराचं म्हणतेय."

"ती कोण ते तुम्हाला माहीत नाही. आणि माहीत करूनही घ्यायचं नाही. वय, मुलं, काम बघून ताडत बसलात, तर उद्या कोणती बाई आपल्यापाशी तोंड उघडेल?"

सर बरोबर बोलत होते. हेच वाक्य ती नव्या मुलींना ऐकवत आली होती.

"एकीला शोधायचं नाहीच," ती म्हणाली. "बाणावरून गेलेल्या एकशे अठरा जणी आहेत. सगळ्या वस्तीला परत विचारायचं. मग कुणी शोधल्यासारखं होत नाही."

"माणसं कुठायत? दोघी मुली गेल्या."

"मी आहे."

"तीनशे चाळीस घरं, एकट्या?"

"रजा साठलीय माझी."

"रजेत लोक हिंडायला जातात हो."

"मीही हिंडणारच आहे."

सरांनी गोळा थांबवला. "परवानगीच्या समितीला आजच पत्र टाका," ते म्हणाले. "उत्तर मी आणवतो."

मग दुपारी दोन ते पाच, रोज, ती कालव्यावरचा लोखंडी पूल ओलांडून वस्तीत जाऊ लागली. कोणत्याही दारी गेली तरी स्वागत ठरलेलं.

"परत? मागच्या वेळी सगळं विचारून नेलंत की. आता काय, दात मोजायचे राहिले?"

"पाणी द्याल का थोडं?"

"पाणी देते, पण आत येऊ नका. तुमची खोड माहीत झालीय आता."

एका घरात तर सासूबाईंना कमी ऐकू येई. सुनेने मदत म्हणून प्रश्न मोठ्याने ओरडून सांगितला, तो भिंतीपलीकडच्या दोन घरांनीही ऐकला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "या वयात माझे फक्त डोळे लाल होतात. तेही हिच्यामुळे." सून, सासू आणि भिंतीपलीकडे कुणीतरी, अशा तिघी हसल्या. प्रश्नवालीही हसली. मग पुढच्या घरी गेली.

तीन आठवड्यांत वस्ती झाली. दोघी जणी सापडल्या ज्यांनी 'हो' म्हटलं. दोघींना चिठ्ठी दिली, दवाखान्यात नेलं. एकीचं औषधांवर निभावलं, दुसरीचं तर अगदी साधं निघालं. पण एकीचं महिन्यापूर्वीच सुरू झालेलं होतं आणि दुसरीची पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती. दोघींत चारशे बारा नव्हती.

म्हणजे चारशे बारा तिला भेटली होती. पन्नाशीची कुणीतरी बाई, ओट्यापाशी उभी राहून, तिच्या तोंडावर 'नाही' म्हणाली होती. मटार सोलणारी असेल. छत्र्या शिवणारी असेल, जिने हातातली सुईसुद्धा थांबवली नव्हती. कुणीही असेल. प्रश्नवाली त्या संध्याकाळी रेडिओ न लावता बसली. आपण विचारलं की बाई सांगते, यावर तिने सगळं आयुष्य उभं केलं होतं. त्याखेरीज तिच्याकडे फारसं काही नव्हतंही.

दुसऱ्या दिवशी तिने मीटरकाकांना सांगितलं. खरं तर ती कामाचं असं काही कुणाला सांगत नसे.

काका चष्मा पुसत बसले. "मॅडम, आमच्याकडे कधी आकडा चुकीचा टिपला जायचा. पुढच्या महिन्यात त्या घरी गेलो की दार उघडत नसत. मी नेहमीसारखं 'मीटर बघायचंय' म्हटलं तर आतून आवाज यायचा, कुणी नाही घरी." ते हसले. "मग मी बाहेरूनच म्हणायचो, मागच्या वेळी चूक माझी झाली. मग निघायची कडी."

"तुम्ही नुसतं एवढंच म्हणायचात?"

"एवढंच. पण ते मीटरचं नाव काढायच्या आधी म्हणावं लागायचं."

ती पुन्हा वस्तीत गेली. या वेळी फक्त मागच्या फेरीत पाळी गेल्याचं सांगितलेल्या बायकांकडे, पण एकूण एक. काही विचारायचं नाही, नुसतं सांगायचं. प्रश्न तुम्हाला विचारायचा होता, तो माझ्यामुळे राहिला, तो हा होता. बायका चक्रावल्या. एकीने तिला खुर्ची दिली, एकीने दुसरंच गाऱ्हाणं मांडलं, आणि नळावर नवा विनोद निघाला, की प्रश्नवालीचे प्रश्न संपले, आता उत्तरं वाटत फिरतेय.

सहाव्या दिवशी ती छत्रीवालीच्या दाराशी आली. घरात छत्र्यांचे सांगाडे भिंतीला टेकवून ठेवलेले, काळ्या कापडाचे त्रिकोण एकावर एक रचलेले. मुलगा आणि सून कामाला गेलेले. नातू कोपऱ्यात झोपलेला. छत्रीवाली जमिनीवर बसून कापडाचं टोक काडीच्या बोंडाला शिवत होती.

"आता काय राहिलं?" तिने वर न बघता विचारलं.

"विचारायला नाही आले. सांगायला आले."

"बसा मग. त्या गठ्ठ्यावर नको, काडी मोडेल."

प्रश्नवाली जमिनीवर बसली. पिशवी तिने उघडलीच नाही. तिने एकतिसावा प्रश्न सांगितला, तो का खाली सरकवला ते सांगितलं, बाण बोटाने जमिनीवर काढून दाखवला. "पाळी गेलेल्या बायकांना तो इथून उचलून इथे नेतो. तुमची गेली होती, म्हणून तुम्हाला तो विचारलाच नाही. चूक मुलीची नाही. फॉर्म माझा होता."

"मी एकटीच?"

"एकशे अठरा जणी."

"सगळ्यांना सांगत फिरताय हे?"

"हो. तुम्ही त्र्याहत्तराव्या."

छत्रीवालीने दोरा दाताने तोडला. "मग? आधीच्या बहात्तर काय म्हणाल्या?"

"ते नाही सांगता येणार."

"कुणी 'हो' म्हणाली का, एवढंच सांगा."

"तेही नाही."

छत्रीवालीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग सुई कापडात खोवून ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"तुमचं बंद झालं?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी केला नव्हता. "झालं," ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी."

"त्रास झाला?"

"अंगाची लाही व्हायची. झोप उडायची. भिंतीला पाठ लावून बसून राहायचे."

"जवळ कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

छत्रीवालीने मान हलवली नाही, अरेरे म्हटलं नाही. नातवाने कूस बदलली तेव्हा तिने हात लांबवून त्याला थोपटलं, आणि थोपटता थोपटताच बोलली.

"मला सात महिने होऊन गेले. तुमच्या मुलीला सांगितलं होतं मी. तिने अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं, आभार मानले आणि गेली. म्हटलं, लिहून नेलंय, म्हणजे कुणीतरी येईल. महिनाभर दुपारचं दार लावलं नव्हतं मी."

"मागे मी आले होते."

"आलात की. पण नव्याने विचारलंत. जणू मी आधी काही बोललेच नव्हते. मग मीही नाही म्हटलं."

 

"मंगळवारी जमेल?" प्रश्नवालीने विचारलं. "सकाळी आठला. मी सोबत असेन."

"घरी काय सांगायचं ते मी बघते. तुम्ही इथे यायचं नाही आता. सून हुशार आहे माझी. तुम्ही आणखी एकदा दिसलात की दोन आणि दोन मांडेल."

मंगळवारी मोठ्या सरकारी दवाखान्यात दोघी लाकडी बाकावर तीन तास बसल्या. छत्रीवालीने पिशवीतून कापडाचा तुकडा काढला आणि धावदोरा घालत बसली. हात रिकामे ठेवता येत नाहीत, म्हणाली. खिडकीवरच्या कारकुनाने कागद भरताना प्रश्नवालीला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"सोबत आलेय."

"सोबत हे नातं नसतं, बाई. काय लिहू?"

"ती जागा मोकळी सोडा," छत्रीवाली म्हणाली. "पुढचं लिहा."

सोनोग्राफी झाली. मग गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. दहा दिवसांनी दोघी पुन्हा त्याच बाकावर बसल्या. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाईत नव्हती. आजार आहे, तिने सांगितलं, पण अस्तरातच आहे, पुढे सरकलेला दिसत नाही. पिशवी काढावी लागेल. "आणखी सहा महिन्यांनी आला असतात, तर मला वेगळं बोलावं लागलं असतं."

बाहेर पायऱ्यांवर छत्रीवाली थोडा वेळ कठडा धरून उभी राहिली. प्रश्नवालीने हात पुढे केला आणि कुठे ठेवावा ते न कळून मागे घेतला.

"आता घरी सांगावं लागेल," छत्रीवाली म्हणाली. "मुलाची सही लागते. पण तुमचं नाव निघणार नाही."

"काढूही नका."

"तुमच्या त्या कागदावर मी बोलले, हे कळलं तर बाकीचंही काय काय बोलले ते विचारतील. ते मला नकोय."

"नाही कळणार."

"रस्त्यात दिसलात तर मी बोलणार नाही. रागाने नव्हे." तिने सामानाच्या यादीतली एखादी वस्तू खोडावी तसं हे सरळ सांगितलं. "ओळख कुठली, म्हणून विचारतील."

"बरं," प्रश्नवाली म्हणाली.

शस्त्रक्रिया कोणत्या दिवशी आहे हे तिला ठाऊक होतं. तो दिवस तिने कार्यालयात बसून काढला. दोन दिवसांनी, भेटीच्या वेळेत, ती दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर गेली. आत जायचं नाही, दारातूनच बघायचं आणि फिरायचं, असं ठरवून. कॉट पाचवी होती. छत्रीवाली उताणी पडलेली, चेहरा उतरलेला, पण डोळे उघडे. शेजारी मुलगा उभा होता, तिशीचा, कामावरून थेट आलेला. त्याचंच लक्ष दाराकडे गेलं.

"मावशी, कुणाला शोधताय?"

"ते पलीकडे, शेवटच्या कॉटवर," तिच्या तोंडून गेलं.

"दमलेल्या दिसता. जिना फार आहे हो इथला. बसा क्षणभर." त्याने स्टूल कॉटखालून ओढून पुढे केलं. नाही म्हणणं जास्त दिसलं असतं. ती बसली. छत्रीवालीचा हात चादरीवर होता, तिच्यापासून वीतभर अंतरावर. दोघींपैकी कुणी एकमेकींकडे पाहिलं नाही.

"आईचं ऑपरेशन झालं," मुलगा सांगू लागला. दवाखान्यात माणसं अनोळख्यांना सांगतात तसं, भडाभडा. "मोठं होतं, पण निभावलं. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आलात. आणि कसं कळलं सांगू? चष्मा करायला गेली होती ही. त्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणी खाली ओढून बघितलं आणि म्हणाले, बाई, रक्त कमी झालंय, पोट दाखवून घ्या. नुसत्या पापणीवरून. असे डॉक्टर राहिले नाहीत हो हल्ली."

"नाही राहिले," प्रश्नवाली म्हणाली.

"मी म्हटलं, आई, घरी आलीस की जाऊन त्यांच्या पाया पडू. तर म्हणते, पत्ता आठवत नाही."

"चष्मा झाला का मग?" प्रश्नवालीने विचारलं.

मुलगा हसला. "तो राहिलाच की गडबडीत."

छत्रीवाली छताकडे बघत होती. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि जागेवर आला. "शिवायला कुठे त्रास होतोय अजून," ती कोरड्या आवाजात म्हणाली, कुणाला ते स्पष्ट नव्हतं. "नीट दिसतंय मला."

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. प्रश्नवाली उठली. स्टूल तिने कॉटखाली सरकवलं. मुलाने, "पलीकडचं पेशंट कसं आहे, मावशी?" असं विचारलं. बरं आहे, ती म्हणाली. त्याचं लक्ष अजून तिच्याकडेच होतं, म्हणून दाराकडे वळता येईना. मग ती वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली. दोन्ही बाजूंच्या कॉटांमधून, पिशव्या आवरणाऱ्या नातेवाइकांना वाट देत, ती शेवटच्या कॉटपर्यंत चालत गेली. तिथे एक म्हातारी झोपलेली होती, जवळ कुणी नव्हतं. प्रश्नवाली तिच्या उशाशी उभी राहिली, आणि मुलगा निघून जाईपर्यंत उभीच राहिली.